वरची बाजू

आसेगाव, ता. मंगरूळपीर
१७ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
इंद्रभानचा सविनय जयभीम. वि. वि.

पाय कसा आहे? डॉक्टरांनी सहा आठवडे पाय टेकू नका म्हणून बजावलं होतं आणि तू तिसऱ्याच आठवड्यात स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिलीस, असं पिंकीने सरिताला सांगितलं. सुनेचं थोडं ऐकत जा. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहिण्याची रीत आहे, पण ते खरं नाही. तुला कमी ऐकू येतं आणि फोनवर ओरडून सांगावी अशी ही गोष्ट नव्हे, म्हणून कागद घेतला.

परवा पंधरा ऑगस्टला आमच्या उंबरटेकच्या शाळेत झेंडा उलटा फडकला. हिरवा वर, भगवा खाली. तो मी बांधला होता.

शाळेत शिपाई म्हणून लागलो तेव्हापासून, म्हणजे एकतीस वर्षं, झेंडा मीच बांधतो. जुन्या झेंड्याच्या कडेला पांढऱ्या पट्टीत दोरी शिवलेली होती आणि तिच्या वरच्या टोकाला लाकडाची छोटी गिल्ली. मी रंगांवर कधी विसंबलोच नाही. गिल्ली बोटाला लागली की ती वरची बाजू, एवढंच माझं शास्त्र. यंदा तो झेंडा विरला म्हणून संस्थेच्या अध्यक्षांनी नवा आणला. चौदा तारखेला संध्याकाळी तो हातात आला तर त्याला गिल्लीच नाही. दोन्ही टोकांना सारखेच कापडी फासे.

कार्यालयातल्या टेबलावर तो पसरून मी कितीतरी वेळ पाहत बसलो. दोन्ही पट्टे मला एकाच मळकट रंगाचे, वाळल्या गवतासारखे. एक जरा गडद, एक जरा फिका. मधलं चक्र तेवढं स्वच्छ निळं दिसत होतं, पण चक्राला वर-खाली नसतं. जुन्या झेंड्यात गडद पट्टा खाली असायचा, म्हणून याही वेळी गडद खाली घेतला, घडी घातली, झेंडूच्या पाकळ्या भरल्या आणि गाठ मारली. नव्या कापडात भगवाच जास्त गडद होता, हे नंतर कळलं. कोणाला विचारायचं होतं, ताई? अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने कोणापुढे जाऊन म्हणायचं, की यातला भगवा कोणता ते मला दाखवा?

कार्यक्रमाची जबाबदारी उज्ज्वला मॅडमकडे होती. ती केनवडची मुलगी, आठवीला भूगोल शिकवते, दोन वर्षांपूर्वी शिक्षणसेवक म्हणून लागली. मला मामा म्हणते. बांधण्याआधी झेंडा उघडून पाहायचा हे काम तिचं. सकाळी ती विचारायला आली, आणि मीच तिला सांगितलं की झाला बांधून, तुम्ही रांगोळीकडे पाहा. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

अध्यक्षांनी दोरी ओढली, पाकळ्या पडल्या, राष्ट्रगीत सुरू झालं, आणि ते अर्ध्यावर असताना मागून कोणीतरी ओरडलं. निम्मे लोक मोबाईलवर चित्रण करत होते. मुख्याध्यापक हेमसिंग सरांचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं की झेंडा तपासला कोणी, तर मॅडम पुढे आल्या आणि जबाबदारी माझी आहे म्हणाल्या. मी खांबाशेजारी दोरी धरून उभा होतो. मी काही बोललो नाही.

काय करू ते लिही. तुझी माया आजवर मागावी लागली नाही, आज मागतो.

तुझा धाकटा,
इंद्रभान


कारंजा (लाड)
२१ ऑगस्ट २०२५

चि. इंद्रभान यास अनेक उत्तम आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

पत्र पोहोचलं. पिंकी म्हणाली वाचून दाखवू का, मी म्हटलं कान गेलेत बाई माझे, डोळे शाबूत आहेत. दार लावून वाचलं आणि जाळून टाकलं. तूही माझी पत्रं जाळत जा.

आता नीट ऐक. तोंडातून ब्र काढायचा नाही. तुझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. तुझ्या लेकीचं, स्नेहाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. एकतीस वर्षं सरकारला फसवून नोकरी केली असं कागदावर आलं तर तुझी पेन्शन जाईल, आणि तुझ्या मागोमाग माझी. आठवतंय ना, चौऱ्याण्णव साली तुला नोकरीसाठी डॉक्टरी दाखला हवा होता आणि मी इथल्या दवाखान्यात नर्स होते. ते रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पदराखाली लपवून मी घरी आणलं होतं. त्या ठिपक्यांत लपलेले आकडे तुला दिसत नव्हते, म्हणून कंदिलाजवळ बसवून पानांच्या क्रमाने पाढ्यासारखे पाठ करून घेतले. बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न. मला ते अजून पाठ आहेत. तुलाही असणार. तू डॉक्टरांपुढे एका दमात सगळे म्हणून दाखवलेस आणि त्यांनी दाखल्यावर लिहिलं, रंगदृष्टी निर्दोष.

लहानपणी तू पिकल्या बोरांबरोबर कच्ची बोरं तोडून आणायचास आणि माय तुला आंधळा म्हणून धपाटे घालायची, तेव्हापासून मी तुला पाठीशी घालत आले. माझ्या लग्नाआधी ब्लाउजचं कापड विटकरी सांगितलं होतं, तू मेंदी रंगाचं घेऊन आलास आणि वर दुकानदाराशी भांडून आलास. तेही मी तसंच शिवून घातलं. कोणाला कळू दिलं नाही. आताही कळू देणार नाही.

त्या मुलीचं फार मनाला लावून घेऊ नकोस. ती तरुण आहे, शिकलेली आहे. चार दिवस लोक बोलतील, मग समज देऊन सोडतील. तपासायचं काम तिचंच होतं, हे तूच लिहिलं आहेस. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे विसरू नकोस.

सरिताला व स्नेहाला आशीर्वाद. माझं ऐकण्याची तुझी जुनी सवय मोडू नकोस, म्हणजे मी नीट झोपेन.

तुझी
केशरताई


आसेगाव
१ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे गप्प राहिलो. त्याचं काय झालं ते कळवतो.

मॅडमना समज देऊन सोडलेलं नाही. जुलैमध्ये त्यांनी अध्यक्षांना लेखी कळवलं होतं की आठवीच्या वर्गाचं छत पडायला आलं आहे, गिलावा मुलांच्या अंगावर पडतो, एखाद्या दिवशी जीव जाईल. अध्यक्षांना ते फार झोंबलं होतं. आणि जूनमध्ये कधीतरी त्यांनी वर्गात समुद्राचा धडा शिकवताना सांगितलं होतं की जहाज बुडायला आलं, वाचण्याचा दुसरा मार्ग उरला नाही, की खलाशी आपला झेंडा उलटा चढवतात. त्याचा अर्थ अपमान नसतो. आम्ही संकटात आहोत, जो कोणी पाहील त्याने धावून यावं, असा असतो. झेंडा उलटा दिसला तेव्हा आठवीची पोरं मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगत सुटली की आमच्या मॅडमनी हे शिकवलं होतं.

झालं. छताचं पत्र आणि जहाजाचा धडा लोकांनी एकमेकांना जोडले. मॅडमनी मुद्दाम उलटा बांधायला लावला, संस्थेची बदनामी करायला देशाचा झेंडा वापरला, असं ठरलं. शिपाई सांगितलेलं करतो, म्हणून मला कोणी विचारलंही नाही. राष्ट्रध्वजाच्या अवमानाचा गुन्हा नोंदवला. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं. जामीन झाला, पण शाळेने सेवा समाप्तीचं पत्र दिलं. त्यांचा फोटो मोबाईलवर गावोगाव फिरतो आहे आणि खाली जे लिहितात ते तुला लिहून कळवण्यासारखं नाही. लेकीबाळींबद्दल माणसं असं लिहू शकतात हे मला या वयात कळलं.

काल रविवारी मी सरितालाही न सांगता केनवडला गेलो. मॅडमची आई गोमतीबाई दारातच बसल्या होत्या. नवरा गेल्यापासून शिवणकाम करून त्यांनी मुलीला शिकवलं. मी शाळेतला म्हटल्यावर त्या आधी घाबरल्या, काहून आले म्हणून विचारत राहिल्या. मुलगी जेवत नाही, दाराबाहेर पाऊल टाकत नाही, असं सांगितलं. रात्री त्या तिच्या उशाशी बसून राहतात, कारण त्यांना भीती वाटते.

मॅडम बाहेर आल्या. दोन आठवड्यांत निम्म्या झाल्या आहेत. मला वाटलं शिव्या देतील, निदान मामा तुम्ही तरी बोला म्हणतील. त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि माझ्यासमोर बसून हळूच विचारलं, "मामा, मी तो झेंडा उघडून पाह्यला होता का? मले आठवून नाई राह्यलं. मी पाह्यला असन आन् मले उलटाच सरळ दिसला असन का?"

ताई, ज्याला दिसत नाही तो मी गप्प बसलो आणि जिला चांगलं दिसतं तिला आपल्या डोळ्यांचा भरवसा राहिला नाही. मी पाणी पिऊन उठलो. तिला एवढंही सांगितलं नाही की पोरी, तू झेंडा उघडलाच नव्हतास.

वर्षावासाचं ग्रंथवाचन विहारात चालू आहे. आधी पंचशील म्हणतात. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं चौथं शील येतं तिथे माझा आवाज बसतो. परवा शेजारच्या माणसाने विचारलं, घसा धरला का. मला हे सहन होत नाही. मी सांगून टाकू का? तुझ्या परवानगीशिवाय सांगणार नाही. पण लवकर दे.

रागावलीस तरी धाकट्याला टाकू नकोस.

तुझा
इंद्रभान


कारंजा
५ सप्टेंबर २०२५

चि. इंद्रभान यास आशीर्वाद व जयभीम.

परवानगी देणार नाही. हे पत्र एवढ्याचसाठी.

तू केनवडला कोणाला विचारून गेलास? उद्या लोक म्हणतील, शिपाई मॅडमच्या घरी का गेला होता. चांगलं करायला जाशील आणि दोघांच्या तोंडाला काळं लावून घेशील. तुझ्या मनाला लागलं म्हणून तू माझ्या आयुष्यभराच्या नोकरीवर पाणी ओतायला निघाला आहेस, एवढं तरी कळतंय का तुला? मी चौतीस वर्षं सुया टोचल्या, बाळंतपणं केली, कोणाच्या एका रुपयाला हात लावला नाही. त्या सगळ्याला आता एका पुस्तकापायी चोरी म्हणायचं?

मुलीसाठी वाईट मलाही वाटतं. मी दगड नाही. पण आपलं घर बुडवून दुसऱ्याचं तारायला तू काही मोठा संत नाहीस, उंबरटेकच्या शाळेचा शिपाई आहेस. घसा धरत असेल तर गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या कर.

तुझी
केशरताई


आसेगाव
१६ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकलं नाही. आठ तारखेला हेमसिंग सरांना सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. मला जन्मापासून भगवा आणि हिरवा वेगळा दिसत नाही, गिल्ली नव्हती म्हणून चूक झाली, मॅडमनी झेंडा उघडलाही नव्हता, मीच त्यांना परत पाठवलं होतं, असं लिहून दिलं. वाटलं होतं की आता माझं काय व्हायचं ते होवो, मुलगी सुटेल.

ताई, माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

सरांनी कागद वाचला, दार लोटलं आणि म्हणाले, "इंद्रभान, तू कायले मधात पडून राह्यला? एकतीस वर्स बरोबर बांधला न् आत्ताच कसा आंधळा झाला?" मी केनवडला गेलो होतो हे त्यांना माहीत झालं होतं. तुझं म्हणणं खरं ठरलं, लोक बोलू लागले आहेत. कोणी म्हणतं म्हाताऱ्याला पोरीची कणव आली, कोणी याहून वाईट म्हणतं. सरिताने ते नळावर ऐकलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, मग मी तिला गिल्लीची गोष्ट सांगितली. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिलाही सांगितली नव्हती. ती खूप वेळ रडली आणि मग म्हणाली की तरीच तुम्ही भाजीत कोथिंबीर करपली तरी काही बोलत नव्हता.

संस्थेने नेमलेल्या चौकशी समितीने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी तेच पुस्तक काढलं, ताई. तेच ठिपके. पहिल्या पानावरचा बारा सगळ्यांनाच दिसतो. दुसरं पान उलटलं आणि माझ्या तोंडात आठ आला. जीभ दाताखाली धरली. जे दिसत होतं तेवढंच सांगितलं, पुढच्या बऱ्याच पानांवर तर काहीच दिसत नव्हतं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने लिहून दिलं की यांना तांबडा आणि हिरवा ओळखता येत नाही, आणि हा दोष जन्मजात असतो.

त्या जन्मजात शब्दानेच घात केला. समितीने माझी जुनी फाइल काढली. त्यात चौऱ्याण्णवचा दाखला, रंगदृष्टी निर्दोष. ते म्हणाले दोष जन्मापासूनचा असतो, तर तेव्हा का नव्हता? तेव्हा नव्हता म्हणजे आज तू नाटक करतो आहेस. दिसत असून न दिसल्याचं सांगणं कोणालाही जमतं. खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली आणि आता खरं बोलतोय तर खोटारडा ठरलो.

गुरुवारी ९ ऑक्टोबरला समितीची शेवटची सुनावणी आहे. त्या दिवशी जे ठरेल ते पोलिसांकडे जाईल. तो दाखला कसा मिळाला हे सांगणारं माणूस जगात एकच आहे. तुझं नाव मी घेणार नाही, तुझी शपथ. पण तू स्वतः सांगितलंस तर ती पोर वाचेल. तुला हे मागण्याचा मला हक्क नाही. तरी मागतो.

तुझा
इंद्रभान


आसेगाव
२४ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
जयभीम.

पत्र नाही. फोनवर पिंकी म्हणते आई झोपल्यात. दिवसभर कोण झोपतं?

गोमतीबाईंचा सरिताला निरोप आला. मॅडमनी आपले कॉलेजपासूनचे सगळे दाखले, पदकं, फोटो एका पिशवीत भरून आईच्या हाती दिले आणि हे आता कोणाच्या कामाचं नाही म्हणाल्या. गोमतीबाईंनी मशीन बंद ठेवलं आहे, घरातली कात्री शेजारणीकडे नेऊन ठेवली आहे.

ताई, तू नाही म्हण. शिव्या दे. पण काहीतरी लिही.

इंद्रभान


कारंजा
२८ सप्टेंबर २०२५

आदरणीय मामांस,
पिंकीचा साष्टांग नमस्कार व जयभीम.

मामा, आईंना न विचारता लिहिते आहे, तुम्ही त्यांना सांगू नका. त्यांनी तुमची पत्रं जाळलेली नाहीत. उशीच्या अभ्र्यात ठेवली आहेत. चादर बदलताना माझ्या हाती लागली. वाचायला नको होती, पण वाचली. मला माफ करा.

आईंना भूक नाही. पाय बरा होत चालला आहे, पण त्या वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जातात आणि परत येतात. दरवर्षी चौदा ऑक्टोबरला आमच्या विहारात धम्मदीक्षेच्या दिवशी आई बोलतात, हे तुम्हाला माहीत आहे. इमानाने जगा, खोट्याची कास धरू नका, हेच त्यांचं दरवर्षीचं बोलणं असतं, आणि बायका आपल्या मुलींना ऐकायला मुद्दाम पुढे बसवतात. आपल्या वस्तीतली पहिली नर्स म्हणून त्यांचा पांढऱ्या टोपीतला फोटो विहारात लावला आहे. काल विहाराची माणसं यंदाही बोला म्हणायला आली होती. आई त्यांना म्हणाल्या तो फोटो उतरवून ठेवा, जाळी लागली आहे. मी परवाच पुसला होता, मामा.

त्यांना पेन्शनची भीती नाही असं मला वाटतं. घरात मी आणि धम्मरत्न दोघं कमावतो, हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

तुमच्या मुलीसारखी समजून चुकलं तर पोटात घाला.

तुमची
पिंकी


कारंजा (लाड)
३ ऑक्टोबर २०२५

चि. इंद्रभान यास अनेक आशीर्वाद. सप्रेम जयभीम.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. रागावले होते म्हणून नाही. पत्र लिहायला बसले की जे लिहायचं ते सोडून दुसरंच लिहिलं जायचं आणि ते मी फाडायची. घाबरले होते रे. तुला पाच सप्टेंबरला जे लिहिलं ते सगळं भीतीचं होतं. पेन्शनचं नाव पुढे केलं, कारण फोटो खाली उतरेल ही भीती लिहायला लाज वाटत होती. आईबाप गेल्यावर मी तुझी माय झाले, सगळे केशरबाईला विचारून करा म्हणायला लागले, आणि मला त्याची चटक लागली. एक मुलगी तिकडे बुडत होती आणि मी स्वतःचा फोटो सांभाळत बसले होते.

परवा धम्मरत्नला म्हटलं, रिक्षा बोलाव, मला जुन्या दवाखान्यात जायचं आहे. त्याला वाटलं पाय दाखवायला. मी कार्यालयात गेले. आता तिथे ओळखीचं कोणी नाही, टेबलावर स्नेहाच्या वयाचा कारकून होता. मी त्याला सांगितलं की चौऱ्याण्णव साली एका शिपायाच्या दाखल्यात मी लबाडी केली आणि मला ते लिहून द्यायचं आहे, तर कोणाच्या नावाने लिहू. त्याने मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन साहेबांना विचारून आला. मग म्हणाला, "मावशी, शिपायाच्या जागेले रंगाची तपासणी लागतच नाई. तेवाही लागत नव्हती. ते डायवरले लागते."

मी त्याला तीनदा विचारलं. मला वाटलं कान फसवतायत. मग त्याने मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दाखवलं.

इंद्रभान, त्या दिवशी डॉक्टरांनी तुझी छाती पाहिली, वजन घेतलं, दूरची अक्षरं वाचायला लावली आणि सही करायला पेन उचललं होतं. मीच म्हटलं, डॉक्टरसाहेब, रंगांचं राहिलं. मीच कपाटातून पुस्तक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. शंकेला जागा नको, सगळं पक्कं करून घ्यावं, हा माझा शहाणपणा. मी गप्प राहिले असते तर त्या दाखल्यावर रंगाची ओळच आली नसती, आणि आज तुझं खरं बोलणं कोणी खोटं ठरवू शकलं नसतं. अडचण पडली की कोणाला तरी विचारावं, हे आपल्या घरात कोणाला जमलंच नाही. मी तेव्हा कोणाला विचारलं नाही आणि तू चौदा ऑगस्टला कोणाला विचारलं नाहीस. तुला ती सवय मीच लावली. एकतीस वर्षं आपण दोघं जे झाकत राहिलो ते झाकायची गरजच नव्हती. घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडले, पिंकीने दिवा लावला तेव्हा उठले.

मग लिहायला बसले. तीन पानं झाली. पुस्तक कोणी आणलं, कुठे बसून पाठ करून घेतलं, आकडे कोणते, क्रम कोणता, सगळं लिहिलं. खाली पूर्ण नाव आणि निवृत्त परिचारिका असं लिहून सही केली. समितीने मला ते आकडे म्हणायला सांगितले तर पुस्तकात न पाहता म्हणून दाखवीन. दोघांनी एकच पाढा म्हटला की त्यांना मानावंच लागेल, असं धम्मरत्न म्हणतो. मानलं तर मुलगी सुटेल, नाही मानलं तर मी त्यांच्या दारात बसून राहीन. माझं काय करायचं ते त्यांनी नंतर ठरवावं. विहारातल्या लोकांनाही काल बोलावून सांगितलं. काही उठून गेले. दोघी बसल्या.

तू हे पत्र मिळाल्याबरोबर केनवडला जा. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, सरिताला बरोबर घेऊन जा. सुनावणीची वाट पाहू नको. त्या पोरीला सांग की तिने झेंडा पाहिलाच नव्हता, म्हणून तो तिला सरळ दिसला की उलटा हा प्रश्नच नाही. हे तिला आज कळायला हवं. गोमतीबाईंना माझा जयभीम सांग आणि म्हणावं एक म्हातारी त्यांचे पाय धरायला येते आहे.

मी बुधवारी आठ तारखेला सकाळच्या एसटीने निघते. धम्मरत्नला सुटी नाही, पिंकी येते म्हणाली, पण तिचीही कामाची पाळी आहे, मीच नको म्हटलं. कंडक्टर वॉकर वर घेईल. पण एसटीची पायरी फार उंच असते रे, आणि माझा पाय अजून भार घेत नाही. आजवर मी कोणाचा हात धरून उतरले नाही.

तू थांब्यावर ये. मला उतरवून घे.

तुझी
ताई